ती आणि त्या

शेजारच्या मिसबाई घर विकून मुलीकडे राहायला चालल्यात. वय ८४. गेले तीन शनिवार मी त्यांच्याकडे खोकी भरायला जातेय. चिनी मातीचे डिनर सेट, चांदीचे चमचे, इस्त्री करून घडी घातलेले आणि वीस वर्षांत न उलगडलेले टेबलक्लॉथ असं सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून झालं आणि गेल्या शनिवारी आम्ही गराजवर आलो.

गराजच्या मागच्या भिंतीत एक अरुंद दार आहे. आपल्या अपार्टमेंटमध्ये मीटरच्या खोलीला असतं ना, तसं. बागेचं सामान असेल म्हणून मी ओढलं. होतंही तसंच: गंजलेली कात्री, पाण्याची नळी, खताचं पोतं. फक्त खताचं पोतं ठेवलं होतं ते कमोडवर. शेजारी तळहाताएवढं बेसिन. खिडकी नाही. दाराच्या आतल्या बाजूला एक जाडजूड खिळा.

"हे कुणासाठी?" मी विचारलं. विचारतानाच उत्तर कळलं होतं, पण विचारलं.

"तिच्यासाठी," मिसबाई म्हणाल्या. "आमच्याकडे होती ना, तिच्यासाठी. खिळ्याला ती कोट अडकवायची. अगदी घरचीच होती ती."

घरचीच होती म्हणे. आणि घरात दोन बाथरूम होती.

थोडं आमच्याविषयी. आम्ही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात, मॉन्टगोमरीत आलो ते इथल्या मोटारींच्या कारखान्यांमुळे. नवरा सुट्या भागांच्या क्वालिटीत आहे. सांगलीत लोक विचारतात, न्यूयॉर्कपासून किती लांब? सांगलीहून दिल्ली असेल तेवढं, असं सांगते. गाव तसं छोटं, दोनेक लाख वस्तीचं, पण राज्याची राजधानी. डेक्स्टर अव्हेन्यू नावाचा एक रस्ता आहे. त्याच्या एका टोकाच्या चौकात एकेकाळी गुलामांचा लिलाव व्हायचा, दुसऱ्या टोकाला विधानभवनाच्या पायऱ्यांवर १८६१ साली जेफरसन डेव्हिसने गुलामगिरी टिकवायला निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, आणि त्या पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर मार्टिन ल्युथर किंग यांचं चर्च. चालत दहा-बारा मिनिटं. इतका इतिहास इतक्या कमी जागेत कोंबलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणि "मिसबाई" का? दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. नावाआधी "मिस" लावतात, लग्न झालेलं असो नसो. माझी मुलंही तसंच म्हणतात. इथे त्यांचं नाव लिहिणं बरं दिसणार नाही, म्हणून पुढचं नाव कापून मागे बाई जोडली.

तर ती. ही कृष्णवर्णीय कामाची बाई सकाळी सातला बसमधून उतरून मागच्या दाराने यायची. न्याहारी, बिछाने, धुणं, इस्त्री, दुपारचं जेवण, पोरांच्या वेण्या आणि बूट, आणि संध्याकाळी रात्रीचं जेवण ओट्यावर झाकून ठेवून जायची. गुरुवारी अर्धा दिवस सुट्टी. मिसबाईंना तिनेच लहानाचं मोठं केलं. आई होती, पण आई ब्रिज खेळायची, चर्चच्या समित्यांवर असायची. पहिला दात पडला तेव्हा दात कुणाच्या हातावर ठेवला, असं मी विचारलं तर मिसबाई पटकन म्हणाल्या, "तिच्याच. आईला संध्याकाळी दाखवला."

ती जेवायची स्वयंपाकघरात, उंच स्टुलावर बसून, बाकीच्यांचं झाल्यावर. तिची ताटली आणि ग्लास सिंकखालच्या कपाटात. मी ऐकत होते आणि मनात आमच्या सांगलीच्या घराशी ताडून बघत होते. गंमत म्हणजे इथे नियम बरोबर उलटे लावलेले दिसतात. आमच्या आजीच्या काळात धुणीभांडी करणाऱ्या बाईला चुलीकडे फिरकू देत नसत, पिण्याच्या पाण्याचा हंडा शिवू देत नसत. इथे मात्र तिने हाताने पीठ मळलेलं चालायचं, तिने बाळ कुशीत घेऊन निजवलेलं चालायचं, आजाऱ्याचं अंग पुसलेलं चालायचं. टेबलाशी खुर्ची ओढून बसलेलं तेवढं चालायचं नाही. आणि संडास.

बसमध्ये गोऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांनी वेगळं बसायचं, हे तर कायद्यातच लिहिलं होतं. मॉन्टगोमरीतल्या रिवाजाने पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या. कृष्णवर्णीय माणसाने पुढच्या दाराने चढायचं, ड्रायव्हरकडे दहा सेंट टाकायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने परत चढायचं. पैसे घेऊन, माणूस मागच्या दाराशी पोचायच्या आत बस हाकणारे ड्रायव्हर होते. या सगळ्याला शहराच्या नियमावलीत एक अपवाद होता: गोरं मूल किंवा आजारी गोरा माणूस सांभाळणाऱ्या कृष्णवर्णीय दाईला गोऱ्यांच्यात बसायला परवानगी. म्हणजे तिच्या मांडीवर मिसबाई असल्या की ती पुढे बसू शकायची. मांडी मोकळी झाली की मागे.

मिसबाईंना हे आठवतं. वय सहा असेल, म्हणजे १९४७ च्या सुमाराला. दाताच्या डॉक्टरकडून दोघी परत येत होत्या, पुढच्या बाकावर. वाटेत मिसबाईंची आत्या चढली. आत्या म्हणाली, मी नेते हिला. मूल आत्याच्या मांडीवर गेलं. "ती उठली आणि मागे गेली. कुणी काही बोललं नाही. तिचा हातमोजा माझ्या हातात राहिला होता, म्हणून मी रडले. आत्याला वाटलं दात दुखतोय."

इथवर लिहून चहा करायला उठले आणि परत येऊन वाचलं तर माझंच मला दिसलं. मिसबाई इंग्रजीत बोलत होत्या. इंग्रजीत "शी" आणि "हर". त्यात ना ती, ना त्या. मिसबाईंना मी पहिल्या ओळीपासून "त्या" लिहिलं आणि या बाईंना "ती". कुणी सांगितलं होतं? मिसबाईंपेक्षा त्या तीस वर्षांनी मोठ्या. सहा वर्षांच्या पोरीला बहुवचन आणि छत्तीस वर्षांच्या बाईला एकवचन. हात आपोआप तसा चालला. वरचं खोडून दुरुस्त करता आलं असतं, पण तसंच ठेवते. आता इथून पुढे दोघीही "त्या". वाचताना गोंधळ होईल, होऊ दे. त्यांचं पहिलं नाव मला माहीत आहे, पण नुसत्या नावाने हाक मारणारे त्यांना आयुष्यभर पुष्कळ भेटले. मी त्यांना कोटवाल्या बाई म्हणते.

हाक मारण्याचा हा सगळा व्यवहार दक्षिणेत फार बारीक विणलेला होता. कोटवाल्या बाईंनी मिसबाईंना, म्हणजे ज्या पोरीचं नाक पुसलं तिला, दहा-अकरा वर्षांची झाल्यापासून "मिस" लावायचं. पोरीने त्यांना नावाने हाक मारायची. नवऱ्याचं आडनाव लावून "मिसेस अमुक" म्हणणं गोऱ्यांच्या तोंडी येतच नसे. म्हाताऱ्या झाल्यावर फार तर "आँटी". हे ऐकून मी जरा चपापले. आँटी म्हणजे आपली मावशीच की! मला इतकी वर्षं वाटायचं की कामाच्या बाईंना मावशी म्हणणं हा आपल्याकडचा चांगुलपणा. तो असतोही. पण इथल्या लोकांनी "आँटी" शब्द नेमका अशासाठी वापरला की "मिसेस" म्हणावं लागू नये. ते कळल्यापासून मावशी म्हणताना जीभ अडखळते.

याच अलाबामात "मिस" या एका शब्दासाठी खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. १९६३ मध्ये गॅड्सडेन गावच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन नावाची नागरी हक्क चळवळीतली कार्यकर्ती साक्ष देत होती. सरकारी वकील गोऱ्या साक्षीदारांना मिस्टर-मिसेस म्हणत होता आणि तिला नुसतं मेरी. तिने सांगितलं, मिस हॅमिल्टन म्हणा, मग उत्तर देते. न्यायाधीशाने कोर्टाचा अवमान ठरवून पाच दिवस तुरुंगात टाकलं आणि पन्नास डॉलर दंड केला. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. (बघा, पुन्हा "ती" लिहिलं. कार्यकर्ती "होती". सवय जाता जात नाही.) हॅमिल्टनबाईंची गोष्ट मी मिसबाईंना सांगितली. त्यांनी ती ऐकलेलीच नव्हती. त्या वेळी त्या बावीस वर्षांच्या होत्या आणि गॅड्सडेन इथून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे.

१९५५ चा डिसेंबर मात्र त्यांना लख्ख आठवतो. बसमधली जागा गोऱ्या माणसाला सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना १ डिसेंबरला अटक झाली, हे आपल्याकडच्या शाळेतल्या पुस्तकातसुद्धा असतं. त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या मशीनवर बसवर बहिष्कार घालायची हजारो पत्रकं छापून काढली आणि सोमवारी, ५ तारखेला, बस रिकाम्या धावल्या. बहिष्कार चालला ३८१ दिवस. एक गोष्ट मला इथे येईपर्यंत माहीत नव्हती: हा बहिष्कार मुख्यतः मोलकरणींच्या पायांवर चालला. बसमधल्या दर चार प्रवाशांपैकी साधारण तीन कृष्णवर्णीय, आणि शहरात नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांपैकी निम्म्याहून जास्त घरकाम करायच्या. गोऱ्यांची वस्ती एकीकडे, यांची दुसरीकडे. बस त्यांच्यासाठीच होती म्हणा ना. आणि पहिल्या दिवशीच्या तीन मागण्यांमधली पहिली मागणी काय होती? ड्रायव्हरांनी सभ्यपणे बोलावं. बसण्याच्या जागेची मागणी तिच्यानंतरची.

मिसबाईंच्या घरी पहिल्या आठवड्यात काय झालं, तर घर ठप्प झालं. कोटवाल्या बाई चालत यायच्या, दीड तास लागायचा, न्याहारीला उशीर. वडील चिडले. चौथ्या दिवशी आईने गाडी काढली आणि त्यांना आणायला गेली. मग रोजच. मिसबाई तेव्हा चौदा वर्षांच्या. एकदा आईबरोबर त्याही गेल्या, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोटवाल्या बाईंची गल्ली पाहिली. "घर नाही पाहिलं. त्या कोपऱ्यावर उभ्या असायच्या." गाडीत कोटवाल्या बाई मागे बसल्या. पुढची सीट मिसबाईंची आई पर्स ठेवायला वापरत होती.

शहरभर हेच चाललं होतं. गेल नावाचे महापौर जानेवारीत जाहीरपणे चिडले. तुम्ही गोऱ्या बायकाच मोलकरणींची ने-आण करून हा बहिष्कार जगवताय, म्हणाले. बायकांनी ऐकलं नाही. महापौर काय येऊन धुणं धुणार होते? मिसबाईंच्या आईला समानतेबद्दल विचारलं असतं तर तिने भुवया उंचावल्या असत्या, पण इस्त्रीचा प्रश्न वेगळा. मला या भागात भयंकर मजा वाटते. चळवळीचे शत्रूच पेट्रोल घालून चळवळ चालवत होते.

आणि दोन्ही बाजूंनी नाटक. मिसबाईंच्या आईने गाडीत विचारलं, तुझा या बहिष्काराशी काही संबंध नाही ना? कोटवाल्या बाई म्हणाल्या, छे हो मॅम, बसमध्ये काही गडबड झाली तर नको म्हणून मी आपली लांब राहते. हे वाक्य मिसबाईंना जसंच्या तसं आठवतं. परवापर्यंत त्यांना ते खरं वाटत होतं. मी त्यांना सांगितलं की त्याच हिवाळ्यात फिस्क विद्यापीठाचे संशोधक इथे आले होते आणि चळवळीने बसऐवजी ने-आण करायला लावलेल्या गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या मोलकरणींशी बोलले होते. मालकिणीला असं काहीबाही सांगून ठेवणाऱ्या आणि रात्री चर्चमधल्या सभेला जाणाऱ्या बायका त्या नोंदींमध्ये आहेत. मिसबाई बराच वेळ एक बशी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "सोमवारी आणि गुरुवारी त्या लवकर जायच्या." बहिष्काराच्या जाहीर सभा सोमवारी आणि गुरुवारी होत.

या शहरात एक डेरिकोट स्ट्रीट आहे. तिथे जॉर्जिया गिलमोर यांचं घर होतं, आता बाहेर फलक आहे. गिलमोरबाई एका खानावळीत स्वयंपाकीण होत्या. मार्च १९५६ मध्ये किंग यांच्यावर बहिष्कार पुकारल्याबद्दल खटला चालला तेव्हा त्यांनी साक्ष दिली: ड्रायव्हरने पैसे घेतले, मागून चढ म्हणाला आणि मला टाकून बस घेऊन गेला. नोकरी गेली. मग किंग यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी घरातच खानावळ थाटली. त्याआधीपासून त्या आणि त्यांच्यासारख्या बायका केक, "पाय" (सारण भरून भाजलेला पदार्थ), सँडविच करून विकत आणि पैसे चळवळीच्या गाड्यांच्या पेट्रोलला देत. मंडळाचं नाव "क्लब फ्रॉम नोव्हेअर". पैसे कुठून आले? कुठूनच नाही. कुणी करून दिलं, कुणी विकत घेतलं, कशाचाच पत्ता लागू द्यायचा नाही, कारण करणाऱ्यांपैकी कित्येक जणी गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या. आणि घेणाऱ्यांमध्ये गोरेही होते.

त्या वर्षी कोटवाल्या बाईंनी पहिल्यांदाच घरी केक विकायला आणले, असं मिसबाई सांगतात. आईला ते इतके आवडले की तिने ब्रिजच्या मैत्रिणींसाठी ऑर्डर दिली. आता मला या दोन गोष्टी एकत्र शिवायचा फार मोह होतो. पण केक कुठे जात होता हे मिसबाईंना माहीत नाही, म्हणजे मलाही नाही. बाई नुसत्या चार पैसे जोडत असतील. तेही लागतच होते.

कारण पगार. तो वडील शुक्रवारी पाकिटातून देत, नोंद कुठेच नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये निवृत्तिवेतनाचा कायदा आला, त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. १९३८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला, त्याचा फायदाही बहुतेक घरकामगारांना मिळाला नाही. म्हणजे दक्षिणेतली कृष्णवर्णीय माणसं जी दोन कामं सर्वांत जास्त करत होती, नेमकी तीच. निवृत्तिवेतनात घरकामगार यायला १९५० उजाडलं, किमान वेतनात १९७४. आणि १९५० नंतरही मालकाने स्वतःचा हिस्सा भरला तर. मिसबाईंच्या वडिलांनी भरला नाही. "त्या काळी कुणीच भरत नव्हतं," मिसबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने स्वतःहून: "बाबा अकाउंटंट होते."

पैशांऐवजी दुसरं पुष्कळ दिलं जाई. जुने कपडे, उरलेलं जेवण. उरलेलं डब्यातून घरी न्यायची इथे पद्धतच होती आणि पगार ठरवताना ते गृहीत धरलेलं असायचं. आपल्याकडचं शिळंपाकं आणि दिवाळीची साडी. नाताळला कोटवाल्या बाई सकाळभर इथे राबायच्या, दुपारी अर्धा हॅम घेऊन घरी जायच्या. त्यांनाही मुलं होती. किती, हे मिसबाईंना सांगता आलं नाही. "तीन तरी असावीत."

इथल्या अशा बायकांनी हे सगळं मुकाट सोसलं असंही कुणी समजू नये. इथून अडीच तासांवर अटलांटात १८८१ च्या उन्हाळ्यात धोबिणींनी संप केला होता. वीस जणींनी सुरू केला, तीन आठवड्यांत तीन हजार झाल्या. बारा पौंड कपड्यांना एक डॉलर, ही मागणी. शहराने वर्षाला पंचवीस डॉलर परवाना फी लावण्याची धमकी दिली, तर बायकांनी महापौरांना कळवलं, भरतो फी, पण भाव आम्ही ठरवणार. आणि १९६८ मध्ये त्याच अटलांटात डोरोथी बोल्डन यांनी घरकामगारांची संघटना काढली. त्या स्वतः नवव्या वर्षापासून कामाला. सदस्य मिळवायला त्या बसमधून हिंडायच्या, कारण एकेकट्या घरात राबणाऱ्या बायका एकमेकींना भेटतात कुठे, तर बसमध्ये. सदस्य व्हायचं तर एक डॉलर द्यायचा आणि मतदार यादीत नाव घालायचं, ही अट. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींचा संप झाला आणि त्यातून संघटना उभी राहिली, तेव्हाही प्रश्न हेच होते: आजारपण, सुट्टी, खाड्याचे कापलेले पैसे.

कोटवाल्या बाई १९८३ मध्ये वारल्या. मिसबाई अंत्यविधीला गेल्या, नवऱ्याला घेऊन. त्या चर्चमध्ये पाऊल टाकायची त्यांची पहिलीच वेळ. दारातल्या माणसाने त्यांना पाहिलं आणि थेट पुढच्या बाकावर, घरच्या माणसांच्या शेजारी नेऊन बसवलं. इथेही पुढचीच जागा, हे मी मनात म्हटलं, बोलले नाही.

"आणि ते सगळे मिसेस अमुक, मिसेस अमुक म्हणत होते," मिसबाई म्हणाल्या. "मिसेस अमुक यांनी तीस वर्षं चर्चचं स्वयंसेवक मंडळ चालवलं. मिसेस अमुक यांनी पाच मुलांना वाढवलं. मी इकडे तिकडे बघत होते, या मिसेस कोण? मला वाटलं, आपण चुकीच्या अंत्यविधीला आलो की काय."

"काय होतं आडनाव?" मी विचारलं.

त्या थांबल्या. हातातला टेबलक्लॉथ खोक्यात ठेवला, परत काढला, नीट घडी केली. "डब्ल्यूने सुरू होत होतं," म्हणाल्या. "मला आठवेल."

मला वाटलं होतं, या पोस्टचा शेवट इथे होणार. त्यांना आडनाव माहीत नाही, आपल्यालाही आपल्या मावशींचं आडनाव माहीत नसतं, वगैरे. म्हणून रात्री दहाला आईला फोन लावला. तिथे रविवारची सकाळ साडेआठ.

"आई, आपल्या मावशींचं आडनाव काय गं?"

आईने आडनाव सांगितलं. माहेरचंही सांगितलं. गाव तासगावकडचं, थोरली मुलगी इचलकरंजीला दिलीय, जावई यंत्रमागावर होता तो आता रिक्षा चालवतो, बचत गटाचं तीस हजारांचं कर्ज आहे, त्यातले अठरा फिटले, डावा गुडघा गेलाय, बीपीची गोळी सकाळची आहे पण त्या रात्री घेतात, मी शंभरदा सांगितलं. "आणि मागच्या महिन्यात चार खाडे झाले पण मी कापले नाहीत," हेही सांगितलं. बावीस वर्षं मावशी आमच्याकडे आहेत. आईला सगळं पाठ. माझा बेत पार कोसळला.

"तू का विचारतीयेस?"

"असंच. आई, त्यांचा कप अजून तिथेच असतो? बेसिनखाली?"

"कसला कप?"

"तो निळ्या काठाचा. त्यांचा."

फोनमध्ये कुकरची शिट्टी झाली. आई म्हणाली, "तो त्यांनाच आवडतो. मोठा आहे ना, चहा जास्त बसतो. मी म्हटलं होतं एकदा, वरच्या रॅकवर ठेवा. त्याच म्हणाल्या, राहू दे ताई, इथंच बरा."

आईचा प्रत्येक शब्द खरा असणार याबद्दल मला शंका नाही. आजी तर वरून चहा ओतायची, भांडं भांड्याला लागू नये म्हणून. आई तसलं काही करत नाही, दोघी एकत्र बसून मालिका बघतात. आई सोफ्यावर, मावशी खाली सोफ्याला टेकून. "वर बसा म्हटलं तर बसत नाहीत" हे मी आईच्या तोंडून निदान पन्नास वेळा ऐकलंय. मिसबाईंना माणसाबद्दल काही ठाऊक नव्हतं, आईला सगळं ठाऊक आहे, आणि कप मात्र बेसिनखालीच. याचं काय करायचं ते मला समजलेलं नाही. फोन ठेवताना आई म्हणाली, "त्या आल्यात बघ, बोलतेस?" मी म्हटलं, दे. मावशींनी नेहमीसारखं विचारलं, "कशी आहेस गं बाय? जेवलीस?" माझ्या धाकट्याचा खोकला गेला का, हेही विचारलं. मी त्यांना काय विचारलं असेल? गुडघ्याचं. तेही आत्ताच आईकडून कळलं म्हणून.

काल मिसबाईंच्या घरासमोर पाटी लागली. एजंट बाईंनी सगळं घर धुऊन पुसून फोटो काढलेत, ऑनलाइन जाहिरात आली आहे. गराजमधलं ते दार उघडून खताचं पोतं उचललंय, बेसिनचा गंज घासून काढलाय, आरसा लावलाय. खिळा आहे तसाच आहे, त्याला आता एक पांढरा टॉवेल अडकवलाय. जाहिरातीत लिहिलंय: तीन बेडरूम, अडीच बाथरूम.